पहिल्या पंगतीची माणसं

“हा फोटो काढा,” मी म्हटलं.

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सात-आठ जण सतरंजीवर बसले होते. भिंतीला टेकवून फ्लेक्स उभा केला होता, त्याच सकाळी धुळ्याहून छापून आलेला. वर मोठ्या अक्षरांत ‘मांडे-आमरसाचं जेवण’, खाली ‘दुर्मिळ कर्करोगाच्या रुग्णांसाठी’, आणि उजव्या अंगाला माझी धाकटी बहीण उज्ज्वला. निळी साडी, केसांत अबोलीचा गजरा, मान जराशी कलती.

“का, आक्का?” जगतरावांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच, खालच्या पट्टीतला. त्या आवाजाचाच मला राग यायचा.

“माझ्या बहिणीला लोकांपुढे टांगायचं नाही.”

“टांगायचं कुठं? स्टेजच्या मागं लावायचा आहे.”

“कुठंही नको. आणि तुम्हाला तिचा फोटो हवाच कशाला? दुसरी घरात आली तेव्हा भिंतीवरून उतरवला असेल ना?”

दुसरी तिथंच बसली होती. सुवर्णा. मांडीवर वही घेऊन सामानाची यादी लिहीत होती. तिचं पेन थांबलं, मान वर झाली नाही.

“फोटो भिंतीवरच आहे,” जगतराव म्हणाले. “तुम्ही कधी घरी आला असतात तर दिसला असता.”

बाकीचे लोक सतरंजीचे दोरे बघत बसले. शेवटी कार्यालयाचे अध्यक्ष नानासाहेब शिरुडे मध्ये पडले आणि फोटो तेवढा कापून टाकायचं ठरलं. जगतरावांनी स्वतः कात्री आणली. कापलेला तुकडा गुंडाळून त्यांनी सुवर्णाच्या हातात दिला. मला तेही खुपलं.

ही गोष्ट अमळनेरची, एकवीस वर्षांपूर्वीची. उज्ज्वलाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मांडीत गाठ आली होती तिच्या. सारकोमा म्हणतात त्याला. लाखात एखाद्याला होतो. आमच्या गावात तो शब्दच कुणी ऐकलेला नव्हता. गाठ निघाली, मग पाय गेला, मग छातीत उतरलं. चाळिशी गाठली नाही तिनं. मागं राहिली मुलगी मयूरी, तेरा वर्षांची, आणि जगतराव देवरे, बाजार समितीसमोर बी-बियाणांचं दुकान चालवणारा तिचा नवरा. चौदा महिन्यांत त्यानं दुसरं लग्न केलं. त्या लग्नाला मी गेले नाही, आणि त्यानंतर त्यांच्या घराची पायरी चढले नाही.

उज्ज्वलाच्या आजारपणात पुण्याच्या एका संस्थेनं त्यांना सांभाळलं होतं. अशा विरळ्या कर्करोगांच्या रोग्यांना राहायला खोली द्यायची, कुठल्या डॉक्टरकडं जायचं ते सांगायचं, गाडीभाड्याची सोय करायची, असं त्या संस्थेचं काम. जगतरावांच्या मनात आलं की गावानं मिळून संस्थेसाठी काहीतरी करावं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या रविवारी गावजेवण घालायचं, कुपनं काढायची, आलेलं सगळं संस्थेला द्यायचं. आणि आखाजीच्या तोंडावर आमच्या खानदेशात जेवण म्हणजे आमरस आणि खापरावरचे मांडे. मांडे म्हटलं की अमळनेरात लोक माझ्याकडंच यायचे.

मी हो म्हटलं. उज्ज्वलासाठी म्हटलं, असं लोकांना वाटलं. मीही तसंच सांगत फिरले. खरं सांगायचं तर मला तिथं हजर राहायचं होतं. हा माणूस स्टेजवर उभा राहून माझ्या बहिणीच्या नावानं डोळे पुसणार आणि गाव माना डोलावणार, हे मी घरात बसून कशी ऐकणार होते?

त्या तीन आठवड्यांत मी त्यांना एक दिवस सुखानं काढू दिला नाही. गॅसच्या शेगड्या आणल्या तर मी लाकडंच पाहिजेत म्हणून अडले. गहू आणला तो परत पाठवला. सुवर्णा पुरण वाटायला आली तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, “माझ्या चुलीजवळ ही नको.” तिनं हात धुतले आणि कुपनांच्या टेबलावर जाऊन बसली.

माझ्या हाताखाली आठ बायका होत्या. त्यांच्याजवळ मी रोज बोलत होते.

“सात महिने! सात महिने तिच्या मांडीत गाठ वाढत होती. बोराएवढी होती ती संत्र्याएवढी झाली. नवऱ्याला दिसू नये?”

“पुरुषांचं लक्ष असतं कुठं, आक्का,” द्वारकाबाई म्हणायची.

“दुकानात पोती मोजायला लक्ष होतं. भाद्रपदात नेलं डॉक्टरकडं. संक्रांतीपासूनची गाठ, आणि भाद्रपदात!”

बायका कणीक तिंबत हळहळायच्या. मला बरं वाटायचं. बोलून झालं की दोन-चार तास छातीवरचं ओझं उतरल्यासारखं व्हायचं, मग पुन्हा चढायचं. मग मी पुन्हा बोलायची.

रविवारी पहाटेपासून कार्यालयाच्या मागच्या अंगणात पाच खापरं लागली होती. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं भांडं. ते लाल तापलं की पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत परातीएवढा करायचा आणि वरून टाकायचा. ऊन डोक्यावर, जाळ समोर. साडेअकराला पहिली पंगत बसली. दोनशे अकरा माणसं. हॉलच्या मागच्या दारातून मला सगळं दिसत होतं. तिसऱ्या रांगेत मयूरी तिच्या मैत्रिणींबरोबर बसली होती. पंधरा वर्षांची, हुबेहूब आईचं कपाळ. जगतराव रसाची बादली घेऊन वाढत होते.

संस्थेकडून लिमये नावाचे गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, एका पायानं लंगडत चालणारे. ते स्टेजवर चढले आणि पाचच मिनिटं बोलले.

“माझ्याही मांडीत गाठ होती,” ते म्हणाले. “मी दीड वर्ष कुणाला दाखवली नाही. का, माहीत आहे? दुखत नव्हती म्हणून. ही गाठ दुखत नाही, हीच तिची लबाडी. तुमच्या अंगावर कुठं गाठ असेल आणि ती वाढत असेल, तर ती साधी आहे की नाही हे घरच्यांनी ठरवू नका. शेजारच्यांनी ठरवू नका. डॉक्टरला ठरवू द्या.”

मी हातातला उंडा तसाच धरून उभी राहिले. द्वारकाबाई म्हणाली, “आक्का, खापर जळतंय.”

मग जगतरावांना बोलायला लावलं. ते बादली खाली ठेवून गेले, शर्टाला हात पुसले, दोनच वाक्यं बोलले. आल्याबद्दल आभार मानले, आणि म्हणाले की आमच्या घरी जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये. उज्ज्वलाचं नावसुद्धा घेतलं नाही. खाली उतरले तेव्हा टाळ्या पडल्या. नानासाहेबांनी माईक हातात घेतला आणि गहिवरून म्हणाले, “मंडळी, बायकोसाठी इतकं करणारा नवरा मिळायला नशीब लागतं!”

झालं. मी हातातला उंडा परातीत टाकला आणि आत गेले. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. नानासाहेबांना वाटलं मी दोन शब्द बोलणार, त्यांनी कौतुकानं माईक पुढं केला.

“मी उज्ज्वलाची मोठी बहीण,” मी म्हटलं. “नशिबाचं मला सांगू नका. माझ्या बहिणीच्या मांडीत सात महिने गाठ होती. आत्ता या पाहुण्यांनी सांगितलं तीच, न दुखणारी. एका घरात राहणाऱ्या माणसाला ती सात महिने दिसली नाही. वेळेवर नेलं असतं तर आज ती इथं वाढत असती. नेलं नाही. आणि ती गेल्यावर चौदा महिन्यांत हळद लावून घ्यायला मात्र वेळ मिळाला. मांडे खा, पोटभर खा. पण या माणसासाठी टाळ्या वाजवू नका.”

जगतराव दोन रांगांच्या मध्ये बादली घेऊन उभे होते. त्यांच्या बादलीतून रस ठिबकत होता, एका म्हाताऱ्याच्या धोतरावर, आणि दोघांनाही ते कळलं नव्हतं.

मयूरी उठली. “पप्पा, हे खरं आहे?”

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माणसानं माझ्याकडं तसं पाहिलं नव्हतं. मला वाटलं आता बोलतील. ओठ हललेसुद्धा. पण त्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या वाटीत रस ओतला.

मयूरीनं ताट तसंच सोडलं आणि ती बाहेर निघून गेली.

मी अंगणात परतले तेव्हा बायकांनी मला जागा करून दिली. “बरं झालं, कुणीतरी बोललं,” द्वारकाबाई म्हणाली. मी पदरानं तोंड पुसलं आणि उंडा उचलला. त्या अर्ध्या तासात माझ्या हातून जितके सुंदर मांडे उतरले तितके जन्मात उतरले नसतील. पातळ, अखंड, चंद्रासारखे. पहिली पंगत जेवून उठली, हात धुवून कुजबुजत घरोघर गेली. दुसरी पंगत बसायला लागली.

तेव्हा सुवर्णा मागच्या दारानं आली. सरळ माझ्या खापराशी येऊन उभी राहिली. तीन आठवडे जिला मी चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं ती जाळाच्या इतकी जवळ उभी की तिच्या साडीची किनार तापत होती.

“आक्का, इकडं बाजूला या.”

“जे असेल ते इथंच बोल.”

“इथं बोलले तर तुम्हालाच जड जाईल.”

मी लाकडांच्या ढिगाकडं गेले. ती मागोमाग आली.

“त्यांना माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“ताईंनी गाठ पहिल्यांदा कुणाला दाखवली ते.”

माझ्या हातावरचं पीठ वाळून ताणलं जात होतं, ते मी नखानं खरवडायला लागले.

“संक्रांतीला. तुमच्या घरी, न्हाणीत. साडी वर घेऊन दाखवली. तुम्ही बोटानं चाचपलीत आणि म्हणालात, चरबीची आहे, माझ्याही दंडात आहे तशी.”

“तुला कुणी…”

“ऐका. मग म्हणालात, जगतरावांना बोलू नकोस. ते उचलून नाशिकला नेतील, तपासण्यांत दोन महिने जातील, आणि वैशाखात माझ्या प्राजक्ताचं लग्न. तू नसलीस तर मी काय करू? लग्न होऊ दे, मग बघू.”

शब्द न् शब्द माझा होता.

आता इतकी वर्षं गेली, लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून पुढचंही सांगते. ते सुवर्णाला ठाऊक नसावं, कारण ते तिनं उच्चारलं नाही. लग्न पार पडलं. फ्लेक्सवर छापला होता तो फोटो त्याच लग्नातला. मान कलती दिसते ती लाजून नाही; एका पायावर भार टाकून उभी होती, म्हणून. सगळा मांडव तिनं त्या पायानं सांभाळला. लग्नानंतर महिनाभरानं, ज्येष्ठात, तिनं मला पुन्हा विचारलं. “आक्का, मोठी झाली आहे गं. लिंबाएवढी.” मी गव्हात एरंडेल चोळत बसले होते. मी विचारलं, “दुखते का?” ती म्हणाली, “नाही.” मी म्हटलं, “मग?” आणि गहू चोळत राहिले. तेव्हा तर लग्नाचंही कारण नव्हतं. नुसता कंटाळा होता. थकले होते, आणखी एक काम नको होतं.

धाकटी बहीण होती. लहानपणापासून मी म्हणेन ते तिला प्रमाण. पुढं भाद्रपदात जगतरावांना गाठ दिसली, तेव्हा ते त्याच दिवशी तिला घेऊन गेले.

ती गेली तेव्हा मी धरून चालले की आता हे फक्त मला माहीत आहे. आणि जे फक्त आपल्याला माहीत असतं ते हळूहळू घडलंच नाही असं म्हणता येतं. त्यासाठी दुसरा कुणीतरी दोषी लागतो, एवढंच.

“ताईंनी शेवटच्या दिवसांत त्यांना सांगितलं,” सुवर्णा म्हणत होती. “आणि वचन घेतलं. आक्काला कधी बोलायचं नाही, ती कोलमडेल. त्यांनी वचन दिलं. आज दोनशे माणसांत पाळलं. माझ्याकडून कुणी वचन घेतलेलं नाही.”

“मग त्यांनी तुला कसं सांगितलं?”

“तुम्ही गावभर बोलत होता तेव्हा मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, खरं असेल तर मला या घरात राहायचं नाही. तेव्हा सांगितलं.” तिचा आवाज पहिल्यांदा चढला. “मयूरी घरी गेली. मी मागं गेले होते. दाराला कडी लावून बसली आहे. म्हणाली, त्या माणसाला सांग, माझ्याशी बोलू नको.”

“मग त्यांनी तिला तरी सांगावं.”

“ते नाही सांगणार. तुम्ही सांगणार.”

“आणि मी नाही सांगितलं तर?”

“तर मी सांगेन. पण माझं कोण ऐकणार, आक्का? मी दुसरी.”

एवढं बोलून ती गेली. खापरांवरून बायका बघत होत्या. द्वारकाबाईनं विचारलं, “काय म्हणत होती ती सटवी?”

मी सांगणार होते की काही नाही. तोंडाशी आलंही होतं. दुसरी पंगत बसली होती, मांडे कमी पडत होते, पुरणाचं पातेलं अजून अर्धं होतं. मी खापराशी बसले असते तर कुणी मला उठवलं नसतं. सुवर्णानं सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, खोटं बोलते. गावानं माझंच खरं मानलं असतं. मला हे सगळं त्या क्षणी दिसत होतं, खापरासारखं लख्ख.

पण मयूरीचं ताटावरून उठणं दिसत होतं. दुसरं काही कारण नाही. मी फार चांगली बाई आहे असं मला कधी वाटलं नाही.

मी पुन्हा हॉलमध्ये गेले. या वेळी नानासाहेबांनी माईक मागं घेतला. “ताई, आता पुरे. जेवू द्या लोकांना.”

मी तो ओढून घेतला.

“मघाशी मी जे बोलले ते खोटं होतं,” मी म्हटलं. मग पुढचंही बोलले. संक्रांत, न्हाणी, दंडातली गाठ, प्राजक्ताचं लग्न. ज्येष्ठातलंही सांगितलं, जे कुणालाच माहीत नव्हतं. “जगतरावांना दिसलं त्या दिवशी त्यांनी तिला नेलं. सात महिने त्यांचे नाहीत. माझे आहेत.”

दुसऱ्या पंगतीतले लोक घास हातात धरून बघत राहिले. त्यांना काही उमगेना. मघाशी म्हणजे कधी? कोण काय बोललं होतं? ते आत्ताच तर आले होते! एका बाईनं शेजारणीला विचारलं, “कोण आहे ही? वेडी आहे का?” मागून एक पुरुष ओरडला, “खाली बसा हो बाई, मांडे वाढा!”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ज्यांनी ऐकलं होतं ते इथं नव्हतेच. ते घरी गेले होते.

जगतराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात तीच बादली. डोळे कोरडे.

“झालं?” ते म्हणाले. “मग चुलीवर जा. अजून एक पंगत व्हायची आहे.”

त्यांनी माझ्याशी बोललेले ते शेवटचे शब्द. त्यानंतर एकवीस वर्षांत, रस्त्यात समोर आले तरी, नाही.

अंगणात आठातल्या तीन बायका उरल्या होत्या. द्वारकाबाई पदर खोचून निघून गेली होती. दारातून तिनं सगळं ऐकलं होतं. उरलेल्या तिघी माझ्याकडं न बघता कणीक तिंबत होत्या. तिसऱ्या पंगतीचे मांडे मी जवळजवळ एकटीनं केले. फाटके, जाड, करपलेले.

सगळं आटोपलं तेव्हा सुवर्णा कुपनांचं टेबल आवरत होती. वहीत पंगतीप्रमाणे नावं होती, पत्त्यांसकट. मी वही मागितली.

“कशाला?”

“पहिल्या पंगतीची माणसं पाहिजेत.”

तिनं मला नीट न्याहाळलं. मग वही पुढं केली. “परत आणून द्या. पुढच्या वर्षी लागेल.”

दुसऱ्या दिवसापासून मी निघाले. सकाळी दहाला डोक्यावर पदर घेऊन बाहेर पडायचं, ऊन चढेपर्यंत पाच-सहा घरं. दार वाजवायचं, नाव सांगायचं आणि बोलायचं. “रविवारी मी माईकवर जे म्हटलं ते खरं नव्हतं.” पहिल्या दारात मला पूर्ण सांगायला अर्धा तास लागला. तिसाव्या दारात पाच मिनिटं लागत होती, आणि त्याची मला जास्त लाज वाटायची.

काही जण म्हणाले, झालं गेलं, कशाला उगाळता. निवृत्त पोस्टमास्तरांनी मला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “पण चौदा महिन्यांत लग्न केलं हे तर खरं ना?” लोकांना ती गोष्ट सोडायची नव्हती, मी इतकी चविष्ट करून वाढली होती. पैलाड भागातल्या एका बाईनं तोंडावर सांगितलं, “म्हणजे बहिणीला तुम्हीच मारलंत,” आणि दार लोटलं. द्वारकाबाईचं नाव वहीत नव्हतं, तरी गेले; तिनं तर दारच उघडलं नाही. आतून तिचा आवाज येत होता. एका घरी मी बोलून गेले, तिथली सून चौकटीला टेकून ऐकत होती. आठवड्यानं तिचा नवरा सायकलवरून माझ्या घरी आला आणि खाली मान घालून पुण्याच्या संस्थेचा पत्ता मागू लागला. मी दिला. कुणासाठी, हे त्यानं सांगितलं नाही. त्यांचं पुढं काय झालं ते मला कधी कळलं नाही.

माझ्या घरचेही दुखावले. हे म्हणाले, घराण्याची अब्रू तू दारोदार वाटतेस. प्राजक्ताचा नाशिकहून फोन आला. “आई, माझ्या लग्नाचं नाव कशाला घेतलंस सगळ्यांपुढं? आता मावशी माझ्यामुळं गेली असं म्हणतात लोक.” मी म्हटलं, “तुझ्यामुळं नाही गं.” तिनं फोन ठेवला. दोन वर्षं माहेरी आली नाही ती.

आखाजी होऊन गेली. त्या वर्षी माझ्या घरी मांडे झाले नाहीत. मृगाचे ढग दिसायला लागले तेव्हा वहीतली दोनशे दहा नावं संपली होती. काही गाव सोडून गेलेली, त्यांना पत्रं टाकली. एक नाव मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

सकाळची वेळ होती. जगतराव दुकानात असतील अशी वेळ बघूनच गेले होते. वर्षभरानं त्या घराची पायरी चढले. कडी वाजवली तर दार मयूरीनंच उघडलं. गणवेशात होती, एक वेणी घातलेली, दुसरी अर्धी, हातात रिबिन.

“पप्पा नाहीत,” ती म्हणाली.

“त्यांच्याकडं नाही आले.”

“मला आईनं सगळं सांगितलं आहे.” सुवर्णाला ती आई म्हणाली. मी पहिल्यांदा ऐकलं ते. “पप्पांशी बोलते मी आता.”

“बरं झालं.”

मी वही तिच्याकडं दिली. “ही आईला दे. परत द्यायची होती.” ती वही उघडून पानं उलटायला लागली. प्रत्येक नावापुढं मी बारीक खूण केली होती. शेवटच्या नावापाशी येऊन ती थांबली.

“हे राहिलं आहे,” ती म्हणाली.

“तुला तर सगळं माहीत आहे, बाळ.”

“आईनं सांगितलं ते माहीत आहे. तू नाही सांगितलंस.” तिनं दाराची चौकट धरली. आत ये म्हणाली नाही. “मी पहिल्या पंगतीत होते, मावशी. सांग.”

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितलं. दोनशे दहा वेळा सांगून शब्द गुळगुळीत झाले होते, ते एकही कामाला आले नाहीत. तिच्या आईनं न्हाणीत साडी कशी वर घेतली, माझं बोट कसं थंड लागलं म्हणून हसली कशी, ते सांगितलं. ते मी कुठल्याच दारात सांगितलं नव्हतं. ज्येष्ठातले गहू सांगितले. “मग?” म्हटलं ते सांगितलं.

मयूरीनं सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. रडली नाही. मग माझ्या पेनासाठी हात पुढं केला, वही गुडघ्यावर धरून स्वतःच्या नावापुढं खूण केली आणि पेन मला परत दिलं.

“आता जा,” ती म्हणाली.

तिनं दार लावलं. आपटलं नाही. पण आतून कडी घातल्याचा आवाज मी पायरीवर उभी राहून ऐकला.